थंडरगॉड सिडला बाकावर बसवावे का? 'फायनल फँटसी टॅक्टिक्स'मधील पात्रे आणि समतोल

पटावरचा वजीर (धागालेखक)

पटावर सैनिकांना पाळीपाळीने हलवून लढायचा हा डावपेचांचा खेळ १९९७ साली प्लेस्टेशनवर आला, २००७ मध्ये 'द वॉर ऑफ द लायन्स' या नावाने पीएसपीवर आला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये 'द इव्हालिस क्रॉनिकल्स' म्हणून नव्या रूपात आला. मी तो तिन्ही वेळा खेळलो आणि तिन्ही वेळा एकाच ठिकाणी माझा उत्साह मावळला, म्हणून हा धागा काढत आहे. नावे मी पहिल्या इंग्रजी आवृत्तीतील वापरतो, कारण जिभेवर तीच बसली आहेत. ज्यांनी कथा संपवलेली नाही त्यांनी पुढे वाचू नये.

ते ठिकाण चौथ्या प्रकरणाच्या मध्यावर येते. बेथला गॅरिसनच्या पाणदरवाजाची लढाई संपते आणि थंडरगॉड सिड, म्हणजे ऑर्लँडू, आपल्या संघात दाखल होतो. त्याच्या हातात एक्सकॅलिबर असते आणि ती धारण करणाऱ्यावर हेस्ट कायम राहते. हेस्ट म्हणजे काय हे ज्यांनी सीटीचा (पाळी कधी येणार हे ठरवणाऱ्या आकड्याचा) हिशेब कधी मांडला नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो. प्रत्येक ठोक्याला पात्राचा वेग त्याच्या सीटीत मिळवला जातो आणि सीटी १०० झाला की त्याची पाळी येते. वेग १० असेल तर दहा ठोक्यांनी पाळी येते, पण हेस्ट असेल तर त्याच दहाचे पंधरा होतात आणि सातव्या ठोक्याला पाळी येते. याचा अर्थ असा की आपला निन्जा किंवा भालाईत दोनदा हलतो तेवढ्यात हा म्हातारा जवळजवळ तीनदा हलतो, आणि तेही संघातले कोणतेही कौशल्य, कोणतेही दागिने किंवा कोणाचीही पाळी खर्च न करता.

वेग सोडून दिला तरी त्याच्या विद्येचे काय करायचे? कथेतल्या तीन वेगवेगळ्या तलवारबाजांच्या विद्या त्याच्याजवळ आहेत. अ‍ॅग्रिआसची होली स्वोर्ड त्याला येते. गाफगारिअनची डार्क स्वोर्ड त्याला येते, त्यामुळे तीन घरांवरून शत्रूचे एचपी (प्राणशक्ती) ओढून घेत तो स्वतःच्या जखमाही भरून काढतो. मेलिआडूलची मायटी स्वोर्डही त्याला येते. यांपैकी कशालाही एमपी (मंत्रशक्ती) लागत नाही, मंत्रासारखे थांबावे लागत नाही आणि वार चुकण्याचा प्रश्नच येत नाही. मेलिआडूल तर त्याच्यानंतर संघात येते. जी एकच विद्या ती घेऊन येते, ती तिच्या आधी आलेल्या माणसाच्या तीन विद्यांपैकी एक आहे. मूळ आवृत्तीत तिची अवस्था आणखी बिकट होती, कारण शत्रूने ते शस्त्र किंवा चिलखत धारण केलेले असले तरच तिचा वार लागू पडत असे, म्हणजे राक्षस आणि लुकावी (कथेतले महादैत्य) समोर आले की ती नुसती उभी. पीएसपीच्या आवृत्तीत हे दुरुस्त झाले, पण तोपर्यंत तिला संघाबाहेर ठेवण्याची सवय हाडीमांसी खिळलेली होती.

समतोल म्हणजे सगळी पात्रे सारखीच बलवान असावीत, अशी माझी अपेक्षा मुळीच नाही. तसे झाले तर वीस जॉबांच्या (पात्राने घ्यायच्या पेशांच्या) त्या जाळ्याला काही अर्थच राहणार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की या खेळात बळाची किंमत मोजावी लागते. निन्जाचे दोन शस्त्रांचे कौशल्य हवे असेल तर आधी चोर आणि धनुर्धारी व्हावे लागते, भूविद्या हवी असेल तर भिक्षूच्या अंगरख्यात काही लढाया काढाव्या लागतात, आणि एकेक जेपी (कौशल्ये शिकण्यासाठी लागणारे गुण) जमवण्यासाठी आपल्याच माणसांवर दगड भिरकावत बसण्याची लाजिरवाणी हौस आपण सर्वांनीच केलेली आहे. तीन प्रकरणे हे सगळे केल्यावर कोणीतरी येऊन म्हणतो, 'सरका, मी बघतो.' तेव्हा मला मदत मिळाल्यासारखे वाटत नाही, माझी वही कोणीतरी मिटवून ठेवल्यासारखे वाटते.

मग कॅल्क्युलेटरचे, म्हणजे गणिताने मंत्र टाकणाऱ्या जॉबचे काय, असे कोणीतरी विचारणारच. कॅल्क्युलेटर सिडपेक्षाही बलवान आहे हे मला मान्य आहे, पण तो मला खुपत नाही. का खुपत नाही, याचाच ऊहापोह इथे व्हावा.

गणिती गोगलगाय

धागालेखकांनी मला अनाहूतपणे मैदानात ओढले आहे, तेव्हा उत्तर देणे भाग आहे. माझे सदस्यनाव कोठून आले हे जाणकारांच्या लक्षात आलेच असेल.

कॅल्क्युलेटर हा या खेळातला सर्वांत मंद जॉब आहे. दुसऱ्यांच्या दोन पाळ्या होऊन जातात तेव्हा कुठे याचे डोके वर निघते. तो होण्यासाठी पांढरी, काळी, काळाची आणि ऑरॅकलची अशा चारही मंत्रविद्यांचे जॉब बरेच पुढे न्यावे लागतात, आणि गणिताने जो मंत्र टाकायचा तो त्या त्या जॉबमध्ये जाऊन स्वतंत्रपणे शिकलेला असावा लागतो. एवढे सोसल्यावर जे हाती येते ते मात्र अद्भुत आहे. सीटी, लेव्हल, अनुभव किंवा उंची यांपैकी एक राशी निवडायची, मग मूळसंख्या, ५, ४ किंवा ३ यांपैकी एक निवडायचे, आणि मैदानावर ज्याची ती राशी त्या अटीत बसेल त्या प्रत्येकावर मंत्र त्याच क्षणी पडतो. अंतराचे बंधन नाही, एमपी नाही, थांबणे नाही. मात्र आपला आणि परका हा भेदही नाही.

त्या शेवटच्या वाक्यातच सगळी मौज आहे. मागच्या खेपेस माझी पाच माणसे २३, २४, २६, २७ आणि २९ या लेव्हलवर होती. समोरच्या सहा जणांपैकी तिघे नेमके २५ वर होते. मी लेव्हल आणि ५ निवडून फ्लेअर हा मंत्र टाकला, तिघे जागच्या जागी आडवे झाले आणि माझ्या माणसांच्या केसालाही धक्का लागला नाही. पुढच्याच लढाईत माझी २४ ची बाई ३ च्या पाढ्यात सापडली आणि मीच तिला लोळवली. मी त्यानंतर कागदावर माझ्या लोकांच्या लेव्हल लिहून ठेवू लागलो आणि कोणाला मुद्दाम मागे ठेवायचे, कोणाला एक पायरी पुढे ढकलायचे हे ठरवू लागलो. होली मंत्र शोषून घेणारे कॅमिलिअन रोब सर्वांना चढवून होलीच टाकत राहिले तर तेही करावे लागत नाही, पण मग तो खेळ उरत नाही, एकाच आकड्याची जपमाळ होते.

तेव्हा धागालेखकांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की कॅल्क्युलेटर खुपत नाही, कारण तो आपण घडवलेला आहे. तो संतुलित आहे असा दावा मात्र मी करणार नाही. तसा दावा केला तर माझ्याच सदस्यनावाला ते शोभणार नाही.

अर्धविराम

कॅल्क्युलेटर म्हणून लढणारे फार थोडे असतात. गणित शिकून घ्यायचे आणि दुय्यम कौशल्य म्हणून एखाद्या चपळ मांत्रिकाला लावायचे, हाच सर्वांचा रिवाज आहे. म्हणजे त्या मंदपणाची किंमत शिकताना मोजली जाते, वापरताना नाही. गोगलगायीने शंख घरीच ठेवलेला असतो.

आडवी रेघ

धागालेखकांचा युक्तिवाद सुबक आहे, पण तो पात्राकडे केवळ सोंगटी म्हणून पाहतो, आणि माझा विरोध तेथेच आहे.

ऑर्लँडूचे नाव आपण तो संघात येण्याच्या आधीपासूनच ऐकत असतो. पन्नास वर्षांच्या युद्धातला वीर, ज्याच्या नावाने शत्रू थरथरतो, असा त्याचा लौकिक कथेत वारंवार येतो. असा माणूस संघात आल्यावर माझ्या नवशिक्या नाइटइतकाच घाव घालू लागला असता तर कथाच खोटी पडली असती. कितीतरी खेळांमध्ये शत्रू म्हणून अजिंक्य असलेले पात्र आपल्या बाजूला आले की अचानक मवाळ होते, आणि खेळाडू ते निमूटपणे सहन करतात. या खेळाने ती लबाडी केली नाही. थंडरगॉड म्हटले आणि थंडरगॉडच दिला.

'फायर एम्ब्लेम'शी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होईल. १९९० च्या पहिल्या 'फायर एम्ब्लेम'मध्ये जेगन नावाचा वयस्क घोडेस्वार अगदी आरंभीच मिळतो. तो इतरांच्या मानाने बलवान असतो, पण त्याची वाढ जवळपास खुंटलेली असते, त्यामुळे पहिल्या काही लढायांत तो पोरांना सांभाळतो आणि मग हळूहळू मागे पडतो. हा नमुना इतका रुजला की त्या मालिकेचे चाहते अशा प्रत्येक पात्राला आजही जेगन म्हणतात. तेथे वडीलधारा माणूस सुरुवातीला येतो आणि शिष्य मोठे झाले की बाजूला होतो. इथे तोच माणूस शेवटी येतो, जेव्हा शिष्य आपल्या पायांवर उभे राहिलेले असतात. धागालेखकांना जे बोचते ते त्याचे बळ नसून त्याची वेळ आहे, असे मला वाटते. हाच ऑर्लँडू दुसऱ्या प्रकरणात दोन लढायांपुरता पाहुणा म्हणून आला असता तर याच धाग्यावर त्याचे पोवाडे गायले गेले असते.

नायक रामझाचा मित्र डेलिटा याचे उदाहरण पाहा. तो पहिल्या प्रकरणात आपल्या बाजूने लढतो, पण पाहुणा म्हणून, म्हणजे त्याची चाल आपण ठरवू शकत नाही. संपूर्ण कथेत तो कधीही कायमचा आपल्या हाती येत नाही. दुसऱ्यांना सोंगट्यांसारखे हलवणारा माणूस स्वतः मात्र कोणाची सोंगटी होत नाही, हे त्याचे संपूर्ण चरित्र खेळाच्या एका नियमातच सांगून झाले आहे. तेव्हा समतोलाचा विचार करताना पात्राचा विचार सोडता येणार नाही.

पटावरचा वजीर

आडवी रेघ यांचा डेलिटाविषयीचा मुद्दा मला फार आवडला आणि वेळेविषयीचा मुद्दा बऱ्याच अंशी पटला. पण एक शंका राहतेच. कथेने ज्याला मोठे म्हटले त्याला खेळाने मोठे केले हे योग्य असेल, तर कथेने ज्यांना महत्त्वाचे म्हटले त्यांना खेळाने रस्त्यावर का सोडले?

कोरी पाटी

या शंकेचा रोख राफा आणि मालाक यांच्याकडे आहे हे मी ओळखले, आणि त्यांच्यासाठी मी आजवर एकटीच भांडत आले आहे, म्हणून लिहिते.

तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटाचा सगळा डोलारा या भावंडांवर उभा आहे. रिओव्हानेस किल्ल्याच्या छतावर मालाक मरतो आणि पवित्र शिळेच्या बळाने परत येतो. ज्या शिळांनी तोवर फक्त राक्षस जन्माला घातले होते त्यांतली एक पहिल्यांदाच एका मुलीच्या हाकेला ओ देते. यानंतर ही दोघे संघात येतात आणि पहिल्याच लढाईत लक्षात येते की त्यांच्या विद्येला स्वतःचाच नेम ठाऊक नाही. राफाचा वार निवडलेल्या क्षेत्रातल्या कोणत्या घरावर आणि किती वेळा पडेल हे पूर्णपणे नशिबावर सोडलेले आहे. शत्रू एकटा मध्यावर उभा असतो, आपण जागा नीट निवडतो, थांबतो, आणि मग विजा त्याच्या चारी बाजूंच्या रिकाम्या घरांवर कोसळतात. मी एकदा हे सलग तीन पाळ्या पाहिले. चौथ्या पाळीला मी तिला नुसते दगड मारायला लावले आणि शत्रू त्या दगडाने पडला.

मालाकची गोष्ट आणखी मजेशीर आहे. या खेळात मंत्राचा जोर टाकणाऱ्याच्या आणि झेलणाऱ्याच्या अशा दोघांच्याही फेथवर (श्रद्धेच्या आकड्यावर) अवलंबून असतो, पण मालाकच्या विद्येचा हिशेब उलटा आहे. फेथ जितका कमी तितका त्याचा मंत्र जोरकस. बहीण श्रद्धेने लढते आणि भाऊ अश्रद्धेने, अशी ती कल्पना आहे. कागदावर ती इतकी सुंदर आहे की मी तिच्या प्रेमात आहे. मैदानावर तिचे काय होते ते वर लिहिलेच आहे.

बंदूकधारी मुस्ताडिओचे दुखणे वेगळ्या जातीचे आहे, कारण तो मुळात चांगला आहे. साध्या बंदुकीचा घाव तिच्या शक्तीच्या वर्गाइतका असतो आणि मारणाऱ्याच्या अंगबळाचा त्यात काही संबंध नसतो. रोमांडा बंदुकीची शक्ती ६, म्हणून घाव ३६ चा. दुसऱ्या प्रकरणात आठ घरांवरून ३६ म्हणजे चैन आहे. नंतर मिथ्रिल बंदूक येते, तिची शक्ती ८, म्हणून घाव ६४ चा, आणि तोपर्यंत शत्रूंचे एचपी कितीतरी पुढे निघून गेलेले असतात. दोघांच्या जन्मराशींचा मेळ चांगला असेल तर त्यात पाव भाग वाढतो, वाईट असेल तर पाव भाग घटतो, पण त्याने चित्र पालटत नाही. तो कमकुवत होत नाही, तो फक्त जागच्या जागी राहतो आणि बाकीचे पुढे जातात. तरीही मी त्याला शेवटपर्यंत नेते, कारण शत्रूच्या पायावर नेम धरून त्याला जागेवर खिळवणे आणि हातावर नेम धरून त्याची कृती बंद पाडणे याला घावाच्या आकड्याची गरज नसते. समतोलाच्या चर्चेत फक्त डॅमेज मोजणारे लोक मुस्ताडिओला नेहमीच अन्याय करतात.

'फायनल फँटसी ७'मधून आलेल्या क्लाउडविषयी काही लिहीत नाही. मूळ आवृत्तीत पहिल्या लेव्हलवर येणारा, ज्वालामुखीच्या माथ्यावर दडवलेली एक विशिष्ट तलवार शोधून दिल्याशिवाय आपली विद्याच वापरू न शकणारा पाहुणा हा थट्टेचा विषय आहे, समतोलाचा नाही.

तिसरा ठोका

आतापर्यंत सर्वांनी आपल्या बाजूच्या पात्रांविषयी लिहिले. समतोल शत्रूच्या बाजूनेही तपासला पाहिजे, आणि तसा तो तपासायचा तर रिओव्हानेसच्या किल्ल्यातला वीग्राफ घ्यावा लागेल.

ज्यांनी ही लढाई पाहिलेली नाही त्यांना तिची रचना सांगतो. किल्ल्याच्या दारापाशी एक लढाई होते, मग खेळ विचारतो की नोंद करून ठेवायची का, आणि आपण भाबडेपणाने होय म्हणतो. आत गेल्यावर रामझाला एकट्याला वीग्राफशी लढावे लागते. बाकीचे चार जण, ज्यांच्यावर आपण इतके जेपी ओतलेले असतात, ते तिथे नसतात. त्याला नमवले की तो लुकावी होऊन उठतो आणि तेव्हा कुठे संघ आत येतो. मूळ आवृत्तीत मधल्या मध्ये नकाशावर परतण्याची सोय नव्हती, म्हणजे रामझा कच्चा असेल आणि नोंदीची जागा एकच असेल तर खेळ पहिल्यापासून सुरू करण्यावाचून गत्यंतर नव्हते. माझे तसे झाले होते. चूक माझी होती, कारण मी रामझाला तोवर निव्वळ औषधे फेकणारा केमिस्ट करून ठेवला होता.

दुसऱ्या खेपेस मी जे केले ते अनेकांनी केले असेल. रामझाला 'येल' हे कौशल्य असते, त्याने वेग एकाने वाढतो. मी वीग्राफच्या वाटेलाच गेलो नाही. कोपऱ्यात उभा राहून एकेक पाळी येल करत राहिलो आणि घाव बसला की ऑटो पोशन आपोआप लागू होत राहिले. सुरुवातीला त्याच्या एका पाळीला माझी एक पाळी होत होती. मग त्याच्या दोन पाळ्यांत माझ्या तीन होऊ लागल्या, नंतर दोनाला चार, आणि शेवटी तो तलवार उचलण्याच्या आत मी त्याच्याभोवती फिरून पाठीमागे जाऊन उभा राहत होतो. पाठीमागून वार केला की ढाल आणि अंगची चपळाई या दोन्हींचा उपयोग होत नाही, त्याच्याजवळ फक्त अंगावरच्या झुलीचा आधार उरतो, आणि वीग्राफजवळ तोही पुरेसा नव्हता.

ही लढाई जिंकल्याचा मला अभिमान आहे, पण ती न्याय्य होती असे मी म्हणणार नाही. तीन प्रकरणे हा खेळ आपल्याला शिकवतो की पाच जणांचा विचार कर, आणि मग एकट्याची परीक्षा घेतो. त्याच वेळी हेही खरे आहे की वेगाचा अर्थ मला त्या कोपऱ्यात उभे राहूनच कळला. त्यानंतर मी कधीही केवळ हालचाल करून पाळी संपवली नाही. काहीही न करता थांबले तर सीटीतून ६० वजा होतात, एकच गोष्ट केली तर ८० आणि दोन्ही केल्या तर १००. न हलता थांबणाऱ्याजवळ ४० शिल्लक राहतात, आणि त्या चाळिसांत लढाया फिरतात.

तेव्हा सिडवर एवढे रकाने भरण्यापेक्षा वेगावर भरावेत, असे सुचवतो. या खेळातले यच्चयावत असमतोल शेवटी वेगाच्या दारात येऊन थांबतात.

गणिती गोगलगाय

सर्व असमतोल वेगापाशी थांबतात हे विधान थोडे घाईचे आहे. सामुराईची ब्लेड ग्रॅस्प ही प्रतिक्रिया वेगाशी काहीही संबंध नसताना खेळ मोडते. शस्त्राचा साधा वार अडवण्याची तिची शक्यता पात्राच्या ब्रेव्हइतकी (शौर्याच्या आकड्याइतकी) असते. म्हणजे ब्रेव्ह ९७ असेल तर शंभरातले सत्त्याण्णव वार वाया जातात. आता ब्रेव्ह तिथपर्यंत नेणे किती अवघड आहे? मीडिएटर या बोलून काम साधणाऱ्या जॉबच्या एका यशस्वी स्तुतीने ब्रेव्ह ४ ने वाढतो आणि लढाईनंतर त्यातला १ कायम राहतो. सत्तर ब्रेव्हच्या सैनिकाला सत्तावीस वेळा शाबासकी दिली की झाले. शेवटच्या शत्रूला बेडूक करून ठेवायचे आणि आपल्याच माणसाची तोंड दुखेपर्यंत स्तुती करायची, हा प्रकार मी केला आहे.

आता धागालेखकांच्या कसोटीने पाहू. हे बळही कमावलेलेच आहे, एकेक शाबासकी मोजून कमावलेले आहे. तरीही ते मला कॅल्क्युलेटरसारखे आनंदाचे वाटले नाही, कारण गणित लावल्यावर प्रत्येक पाळीला नवा विचार करावा लागतो आणि ब्लेड ग्रॅस्प लावल्यावर विचार करण्याची गरजच संपते. तेव्हा कमावलेले आणि फुकटचे एवढीच विभागणी पुरणार नाही. त्या बळाने पुढची चाल अधिक रंजक होते की निरर्थक होते, हेही पाहावे लागेल, आणि या दुसऱ्या कसोटीवर सिड आणि माझा ब्रेव्ह ९७ चा सामुराई एकाच बाकावर बसतात.

आडवी रेघ

एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती अ‍ॅग्रिआसविषयी आहे. दुसऱ्या प्रकरणात ती कथेचा कणा असते. राजकन्येच्या रक्षणासाठी ती कोणाशीही दोन हात करायला तयार असते, आणि रामझावर आपला विश्वास आहे हे ती ज्या शब्दांत सांगते ते ऐकून मी खेळ थांबवून बसून राहिलो होतो. मग ती संघात कायमची दाखल होते आणि मूळ आवृत्तीत पुढच्या दोन प्रकरणांत तिला कथेत बोलायला जवळजवळ काहीच उरत नाही.

याचे कारण समतोलातच आहे, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. या खेळात मरण खरे असते. पडलेल्या माणसावर तीनचा आकडा फिरू लागतो, तो संपण्याआधी कोणी उठवले नाही तर त्याचा स्फटिक होतो किंवा पेटी होते आणि तो माणूस कायमचा जातो. रामझा सोडून कोणीही असा जाऊ शकतो, अ‍ॅग्रिआससुद्धा. जे पात्र कोणत्याही लढाईत कायमचे मरू शकते त्याच्यावर लेखक पुढचे प्रसंग उभारू शकत नाही, म्हणून संघात आल्यावर प्रत्येक मोठे पात्र गप्प होते. मरणाला वजन द्यायचे की पात्राला आवाज द्यायचा, यांपैकी एक त्या काळच्या खेळाने निवडले. ताज्या आवृत्तीत संवाद सर्वांच्या तोंडी ध्वनिमुद्रित झाले आहेत, त्यामुळे पूर्वार्धातली अ‍ॅग्रिआस अधिकच जिवंत वाटते.

अर्धविराम

ताज्या आवृत्तीचा विषय निघालाच आहे तर नोंदवतो की पीएसपीवर आलेले डार्क नाइट आणि ओनियन नाइट हे दोन जॉब तीत नाहीत, बाल्थिअर आणि लुसो हे दुसऱ्या खेळांतून आलेले पाहुणेही नाहीत. समतोलाच्या दृष्टीने मला त्यांची उणीव भासली नाही. त्याच्याच विद्येत सरस असलेला बाल्थिअर नसल्यामुळे मुस्ताडिओ मात्र आता शांत झोपत असेल.

कोरी पाटी

मुस्ताडिओच्या वतीने आभार. पीएसपीवर बाल्थिअर आल्यावर त्याची जी गत झाली तीच सिड आल्यावर अ‍ॅग्रिआसची होते, हे इथे कोणी म्हटले नाही म्हणून म्हणते. आणि एक सूचना करते. धागालेखकांनी सिडला बाकावर बसवावे, पण रिकाम्या हातांनी. एक्सकॅलिबर त्याची नाही, संघाची आहे.

पटावरचा वजीर

कोरी पाटी यांची सूचना मी शब्दशः पाळली. नोंद पाणदरवाजाच्या लढाईनंतरची होती. ऑर्लँडूच्या हातून एक्सकॅलिबर काढली, अ‍ॅग्रिआसला दिली आणि जर्मिनास शिखरावर गेलो. संघात रामझा, अ‍ॅग्रिआस, मुस्ताडिओ, माझी एक जुनी भिक्षूण आणि हट्टाने राफा, असे पाच जण घेतले.

पहिल्या पाळीत धनुर्धाऱ्यांनी वरच्या कड्यांवरून मुस्ताडिओला जवळजवळ संपवले. अ‍ॅग्रिआसला हेस्ट असल्यामुळे ती सर्वांच्या आधी पुढे गेली आणि एकटी पडली, हे मला अपेक्षित नव्हते. सिडला अशा वेळी काही होत नाही, कारण तो शत्रूचे एचपी ओढून घेतो. तिला ती विद्या नाही. म्हणून मला तिला मागे वळवून भिक्षूणीच्या आवाक्यात आणावे लागले, मुस्ताडिओने एका धनुर्धाऱ्याच्या हातावर नेम धरला, आणि पुढच्या पाळीत अ‍ॅग्रिआस अशा घरावर उभी राहिली की होली एक्स्प्लोजनच्या सरळ रेषेत दोघे सापडले. एक पडला, दुसरा भांबावला आणि त्याने आपल्याच माणसावर बाण सोडला.

राफाने चार वेळा प्रयत्न केला. तीन वेळा विजा खडकांवर पडल्या. चौथ्या वेळी एकाच चोरावर लागोपाठ चार पडल्या आणि मी खुर्चीतून उठलो.

लढाई जिंकली, पण भिक्षूणीवर आकडा एकपर्यंत आला होता. सिडच्या विद्येवरचा माझा आक्षेप कायम आहे. त्याच्या तलवारीवरचा मात्र मी मागे घेतो, ती आता अ‍ॅग्रिआसजवळच राहील. लिंबेरीच्या किल्ल्यात याच पाच जणांना घेऊन जाणार आहे, फक्त तिथे मेलिआडूल संघात आल्यावर भिक्षूणीच्या जागी तिला घ्यावे का, हे ठरलेले नाही. कोणी तिला मनापासून वापरले असेल तर त्यांनी तिच्या दुय्यम कौशल्याविषयी लिहावे.

तिसरा ठोका

मेलिआडूलला मी शेवटपर्यंत नेले आहे. दुय्यम म्हणून आयटम द्या आणि पायांत वेगाचे बूट घाला. माझ्या आधीच्या प्रतिसादाशी सुसंगत राहण्यासाठी बूट सुचवले, असा संशय कोणाला आल्यास तो खरा आहे.